पिवळ्या चौकटी

४ फेब्रुवारी, बुधवार

ही वही खारूताईने आणून दिली. म्हणाली, काका, मावशी पुस्तक लिहायला बसलीय, तुम्ही निदान रोजनिशी लिहा, म्हणजे दिवसभर तिच्या मागे भुणभुण लावणार नाही. खारूताई म्हणजे हिच्या बहिणीची मुलगी. सारखी इकडून तिकडे पळत असते म्हणून लहानपणी मीच ठेवलेलं नाव. आता चाळिशीला आली तरी पळणं थांबलेलं नाही. दोन गल्ल्या सोडून राहते आणि कुठल्याशा ऑफिसात दिवसभर कागदपत्रं तयार करते.

तर लिहितो. काल डॉक्टरांनी हिला बाहेर बसवलं आणि मला एकट्याला आत बोलावलं. ही पस्तीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टर होती. डॉक्टर नातेवाइकाला एकट्याला आत कधी बोलावतात हे तिला मी काय सांगणार? बाहेर आलो तर शांतपणे विचारलं, "किती महिने म्हणाले?" मी म्हटलं, तसलं काही नाही, औषधं बदललीत. "बरं," म्हणाली, "मग पुस्तक जूनच्या आत झालं पाहिजे."

खोटं बोलायला मला कधीच जमलं नाही. रिक्षात दोघंही बाहेर बघत बसलो.

९ फेब्रुवारी

पुस्तकाचं नाव ‘घरचा वॉर्ड’. घरात माणूस अंथरुणाला खिळला की त्याचं कसं करायचं, ते सगळं. हिने तीन वह्या भरून ठेवल्या आहेत. खारूताईने त्या टाइप करायला घेतल्यात, नवं काही सुचलं की ही स्वतः मांडीवर कॉम्प्युटर घेऊन लिहिते. मुद्रितं तपासायची आणि पानं बघायची माझ्याकडे. चाळीस वर्षं प्रेसमध्ये जुळारी होतो, शिशाचे खिळे एकेक उचलून पानं उभी केली, तेव्हा ते काम दुसऱ्या कोणाला देणार?

पण खारूताईने जे सॉफ्टवेअर घालून दिलंय ते म्हणजे डोक्याला ताप आहे. पहिल्या प्रकरणाचं शीर्षक मला मोठं करायचं होतं. अर्धा तास खटपट केली. शेवटी तिला फोन लावला. ती म्हणते, काका, मोठं करायचंच नाही, ते शीर्षक आहे एवढंच सांगायचं. हा परिच्छेद, ही यादी, ही सूचना. जे आहे ते सांगायचं. दिसायचं कसं ते साच्यात आधीच ठरलेलं असतं. म्हणजे स्वयंपाक मी करायचा आणि मीठ भलत्यानेच घालायचं.

हिला मात्र पटलंय. म्हणाली, एकच मजकूर, साचा बदलला की मोठ्या अक्षरांची प्रत आपोआप होईल. घरी रुग्णाचं करणारी माणसं बहुतेक म्हातारीच असतात हो, त्यांना बारीक अक्षर कुठलं दिसायला?

बायका पस्तीस वर्षं वॉर्ड सांभाळून आल्या की त्यांच्याशी वाद घालू नये.

११ फेब्रुवारी, बुधवार

बुधवार माझा बाहेरचा दिवस. प्रेसमधली जुनी मंडळी चौकातल्या हॉटेलात चहाला जमतो. अकरा होतो, आता तिघं उरलोत. साडेतीनला निघतो, सातला परत येतो. तेवढा वेळ हिच्याजवळ बसायला खारूताई अर्धी रजा काढून येते. आजपासून पुस्तकाची पानं झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायचं कामही त्याच फेरीत.

पहिलं प्रकरण छापून हातात आलं आणि मी दुकानातच फूटपट्टी मागितली. आतला समास सर्वांत कमी, वरचा त्याहून थोडा जास्त, बाहेरचा त्याहून, खालचा सर्वांत मोठा. ही मापं आता कोणी पाळत नाही. चहा निवेपर्यंत तिघंही पान उजेडात धरून बघत बसलो होतो.

घरी येऊन विचारलं, साचा कोणी केला? खारूताई पर्सची चेन लावत होती. म्हणाली, ऑफिसात आहे एक जण. मी म्हटलं, त्याला काम येतं.

१३ फेब्रुवारी

पडद्यावर मजकुराच्या मधेमधे छोट्या पिवळ्या चौकटी दिसतात. मिटलेल्या असतात. कागदावर काही येत नाहीत. मला वाटलं यंत्रात काही बिघाड आहे. खारूताई म्हणाली, नाही काका, लिहिणाऱ्याला आपसांत काही नोंद ठेवायची असेल तर ती त्यात ठेवतात, छापली जात नाही. बटण दाबून उघडून बघा ना.

मी म्हटलं, जे छापायचं नाही ते मी कशाला बघू? आमचे गुरुजी सांगायचे, जुळाऱ्याने मजकूर वाचायचा नाही, अक्षर वाचायचं. मजकुरात गुंतलास की चूक सुटली म्हणून समज. आयुष्यभर तेच केलं. शेकडो पुस्तकं जुळवली, एकाची गोष्ट विचाराल तर सांगता यायची नाही. पण चूक एक सुटायची नाही.

ही पलंगावरून ऐकत होती. म्हणाली, "कधीतरी उघडून बघा." मी म्हटलं, बघू.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पोटशीर्षकं वरच्या परिच्छेदाला चिकटून बसलीत. पोटशीर्षक खालच्या मजकुराचं असतं, त्याच्याजवळ हवं, वरच्यापासून लांब. खारूताईला म्हटलं, तुझ्या त्या माणसाला सांग. रागावणार नाही ना तो? म्हणाली, नाही रागावणार, तुम्ही सांगा बिनधास्त.

४ मार्च, बुधवार

आजच्या पानांत पोटशीर्षकं बरोबर जागी. अगदी मी खिळ्यांत ठेवली असती तेवढीच जागा वर, तेवढीच खाली. एकदा सांगितलं आणि सगळ्या पुस्तकात एका दमात बदललं. आमच्या वेळी याला दोन माणसं आठवडाभर लागली असती. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही थोडं.

खारूताईला म्हटलं, त्या माणसाला माझा नमस्कार सांग. ती पानं पुन्हा मोजायला लागली. हिने तोंड खिडकीकडे फिरवलं. औषधाने हल्ली हिच्या डोळ्यांना पाणी येतं.

७ मार्च

खारूताई सांगत आली, त्यांनीही तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

१८ मार्च, बुधवार

हिला आता स्वतःहून कूस बदलता येत नाही. काल सकाळी मी बदलायला गेलो ते सगळंच उलटं केलं, हिचा हात अंगाखाली अडकला. ओरडली नाही. मग म्हणाली, दुसरं प्रकरण तीनदा तपासलंत ना तुम्ही? मी म्हटलं, तपासलं. "मग त्यात काय लिहिलंय?" मला सांगता येईना. ही इतकी हसली की खोकला लागला.

मग ते प्रकरण घेऊन पलंगाशी उभा राहिलो आणि पहिल्यांदा माणसासारखं वाचलं. आधी वरचा हात पुढे घ्या. मग गुडघा वाकवा. मग खांदा आणि कंबर एकदम. दर दोन तासांनी. रुग्णाला आधी सांगा, मग हात लावा. मी म्हटलं, अगं, आता तुला वळवतोय. म्हणाली, वळवा.

जमलं. चक्क जमलं.

१ एप्रिल, बुधवार

छतावरचा दिवा महिनाभर फडफडत होता. आज परत येऊन बघतो तर नवा लावलेला. खारूताईची उंची ती केवढी! स्टुलावर खुर्ची ठेवून चढली असणार. चांगला दम भरला तिला, पडलीस तर दोन दोन रुग्ण कोण सांभाळणार म्हणून. ही पदर तोंडाला लावून हसत होती.

बुधवारी हिचा चेहरा उजळलेला असतो. खारूताईच्या हाताला गुण आहे. मी आठवडाभर राबतो, पण मंगळवारी माझ्याकडे असं काही बघत नाही ती.

हे वाचलं तर मला जळकुकडा म्हणेल. आहेच.

९ एप्रिल

काल परत आलो तर हिचे केस धुतलेले, विंचरून दोन वेण्या घातलेल्या. मुलीसारखी दिसत होती. एक वेणी जरा सैल होती, एक घट्ट. खारूताईला म्हटलं, एवढी वर्षं स्वतःची घालतेस, दुसऱ्याची घालता येत नाही? ती म्हणाली, घाई झाली काका.

१५ एप्रिल, बुधवार

आज चहाला दोघंच होतो. तिसऱ्याला चालवत नाही. दुसरा म्हणाला, तुझ्या मुलाचं काय? मी म्हटलं, मला मुलगा नाही. तो म्हणाला, नऊ वर्षं झाली रे. मी हातातल्या पानाचे समास मोजायला घेतले.

वहीत लिहायला हरकत नाही, वही कोण वाचणार आहे. तो माझ्याच हाताखाली शिकला. नवव्या वर्षापासून शाळा सुटली की प्रेसमध्ये. खिळे बोटांनी ओळखायचा, डोळे मिटून. मग मोठा झाला, मालकांच्या केबिनमध्ये बसायला लागला आणि त्यानेच मालकांना सांगितलं की आता कॉम्प्युटर आणा. अकरा माणसं घरी बसली. माझी दोन वर्षं उरली होती. शिशाचे खिळे भंगारात गेले. माझी केस, म्हणजे खिळ्यांच्या खणांची पेटी, जिच्यापुढे मी चाळीस वर्षं उभा राहिलो, ती त्याने स्वतः उचलून टेम्पोत ठेवली. मला म्हणाला, बाबा, प्रेस वाचवायची तर हे करावंच लागेल.

त्या संध्याकाळी मी सांगितलं की मी बोलावल्याशिवाय या घरात पाय ठेवायचा नाही. आणि हिला सांगितलं की त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, नाहीतर मी घर सोडतो. हिने शब्द दिला. हिने दिलेला शब्द मोडलेला मी पाहिला नाही. नऊ वर्षांत एकदाही नाव नाही.

कॉम्प्युटर आणले नसते तर प्रेस वर्षभरात बंदच पडणार होती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

२२ एप्रिल, बुधवार

हिची हाताची नखं कापलेली. छान गोल, कडा घासलेल्या. पुस्तकातल्या चौथ्या प्रकरणात दिलंय तसं. मी आल्यावर हात पुढे करून दाखवली. बोटं काटकुळी झालीत.

३० एप्रिल

आता मांडीवर कॉम्प्युटर पेलवत नाही. पलंगावर आडवं टेबल लावून दिलंय, एका बोटाने हळूहळू लिहिते. मी म्हटलं, मला सांग, मी लिहितो. म्हणाली, तुम्ही कागद बघा, इथलं माझं मी बघते. फाइल कुठेतरी वर राहते म्हणे, खारूताईच्या घरूनही उघडते आणि त्या साचेवाल्याकडेही. हिने लिहिलेलं तिकडे लगेच दिसतं. मला हे पटत नाही. मुद्रित एका वेळी एकाच माणसाच्या हातात असावं.

१४ मे

शेवटचं प्रकरण आलं. नाव ‘शेवटचे दिवस’. कागदावर छापून आलं तसं ते उपडं घालून ठेवलं होतं. आज सकाळी जुळाऱ्यासारखं तपासलं, अक्षर न् अक्षर. त्यात एक वाक्य हिने घाईत लिहिलंय. बोलवायच्या माणसांना वेळेत बोलवा रुग्ण नको म्हणाला तर ते खरं धरू नका घरचे नको म्हणाले तर तेही धरू नका. कुठे थांबायचं पत्ताच नाही. मी स्वल्पविराम, पूर्णविराम घातले. पडद्यावर त्या वाक्याला लागूनच एक पिवळी चौकट आहे, तिच्यामुळे ओळ तुटल्यासारखी दिसते. कागदावर सरळ येते म्हणून सोडून दिलं.

हिने विचारलं, "ते वाक्य बघितलंत?" मी म्हटलं, बघितलं, दुरुस्त केलं. म्हणाली, "आणि?" मी म्हटलं, आता बरोबर आहे.

मग म्हणाली, पाणी द्या.

२० मे, बुधवार

निघताना चपला घालत होतो तर हिने हाक मारली. हल्ली आवाज दारापर्यंत पोचत नाही, म्हणून परत आत गेलो. म्हणाली, "आज जरा लवकर या."

मी म्हटलं, दुखतंय का? म्हणाली, नाही, असंच. पाच वाजता या.

चहाला गेलोच नाही, थेट झेरॉक्सवाल्याकडे. तर तिथे वीज गेलेली. तो म्हणाला, घरी जा आजोबा, उद्या या. पण शेवटच्या प्रकरणाच्या पक्क्या प्रतीची ही किती वाट बघतेय ते मला माहीत. रिकाम्या हाताने काय जायचं? दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. सव्वासहाला वीज आली. सात वाजून गेल्यावर घरी. ही झोपली होती, खारूताईचा चेहरा उतरलेला. पलंगाशेजारी दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या होत्या.

जागी झाल्यावर पानं हातात दिली. बोट फिरवत म्हणाली, छान आलीत. मी सांगितलं कसा अडीच तास पायरीवर बसलो ते. मला बरं वाटलं होतं, तिच्यासाठी काहीतरी केल्यासारखं. म्हणाली, "तुम्ही काम कधी अर्धवट सोडत नाही."

२७ मे, बुधवार

मी आज जाणार नाही म्हटलं. खारूताई म्हणाली, जा काका, तुम्हालाही हवा लागू दे. हिनेही मानेने जा म्हटलं. गेलो. चहा गोड लागला नाही.

३ जून, बुधवार

मोठ्या अक्षरांची प्रत आली. साचा बदलला आणि तोच मजकूर एवढाल्या अक्षरांत, चष्म्याशिवाय मला वाचता आला. पण हिला आता धरवत नाही. मी एकेक पान डोळ्यांसमोर धरलं. सतराव्या पानाला डोळे मिटले.

पुस्तक झालं, जूनच्या आत नाही, पण तीनच दिवस उशीर.

७ जून, रविवार

सकाळी अंग पुसताना बघितलं, हाताची नखं नीट आहेत, पायाची वाढलेली. खारूताईच्या लक्षात कसं आलं नाही? चौथं प्रकरण काढलं. कोमट पाण्यात पाय दहा मिनिटं ठेवा. सरळ कापा, कोपरे गोल करू नका. रुग्णाला आधी सांगा, मग हात लावा. मी म्हटलं, अगं, पायाची नखं कापतोय. डोळे मिटलेलेच, पण पायाचा अंगठा हलला. दहाही कापली. एकाही ठिकाणी लागू दिलं नाही.

लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, हिचे पाय मी कधी हातात घेतले नव्हते.

८ जून

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गेली. मी कूस बदलायला उठलो होतो. तिला आधी सांगितलं, मग हात लावला.

९ जून

काल माणसं बरीच आली होती. हिच्या हाताखालच्या सिस्टर सगळ्या, काही तर स्वतःच निवृत्त झालेल्या. तो आला होता. सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा होता. केस पिकलेत. हिच्यासारखंच नाक. मी चपलांकडे बघत राहिलो. लोक पांगले तसा तोही गेला. पाया पडायला पुढे आला असता तर मी काय केलं असतं, माहीत नाही. पुढे आला नाही तेच बरं, असं काल वाटलं. आज तसं वाटत नाही.

खारूताई माझ्याशी बोलत नाही. डबा ठेवते आणि जाते.

१७ जून, बुधवार

साडेतीन वाजले. कुठे जायचं? खुर्चीत बसून राहिलो. खारूताईही आली नाही. म्हणजे आता यायचं कारणच नाही. बुधवारी हे घर दुपारी कसं दिसतं हे मला माहीतच नव्हतं. चारच्या सुमाराला ऊन पलंगावर येतं.

१८ जून

लिहवत नाही, पण लिहिलं पाहिजे.

पुस्तक छापायला द्यायचं म्हणून फाइल उघडली. म्हटलं, काम संपलं, आता त्या पिवळ्या चौकटी काढून टाकू. फर्मा, म्हणजे जुळवून बांधलेली पानं, छपाईला देताना आम्ही जुळणीतला कचरा झटकायचो तसं. एक काढून टाकायला गेलो, चुकीचं बटण दाबलं गेलं, ती उघडली.

हिने लिहिलं होतं: समास तुझ्या बाबांच्या मापाचे ठेव. त्यांना बरं वाटेल. खाली दुसऱ्याने लिहिलेलं: ठेवलेत आई. मापं अजून पाठ आहेत.

पुढची उघडली. मग पुढची. एकूण एक्केचाळीस होत्या.

बुधवारी ये. साडेतीनला निघतात, सातला येतात. खारूताई दार उघडेल.

दिवा बदललास, बरं झालं. बाबांनी खारूताईला झापलं त्याबद्दल.

वेणी घालायला शीक, एक सुटली रात्रीत. खाली: यूट्यूबवर बघितलं होतं आई, तिथे सोपं दिसत होतं.

त्यांनी तुला नमस्कार सांगितलाय. खाली: मला? आणि त्याखाली हिचं: साचेवाल्याला. पण नमस्कार तर तुलाच ना. घे.

पोटशीर्षकांपाशी त्याने लिहिलंय: बाबा म्हणतात ते बरोबर आहे, मीच विसरलो होतो. त्यांनी सांगितलं होतं मला, मी दहा वर्षांचा असताना.

मी मुद्रितं तपासत होतो, त्याच पानांत मायलेक चार महिने बोलत होते. माझ्या नाकासमोर, मिटलेल्या चौकटीत. एका बटणाच्या अंतरावर.

शेवटच्या प्रकरणातली, त्या वाक्याशेजारची चौकट मी सर्वांत शेवटी उघडली. ती त्याच्यासाठी नव्हती.

अहो, हे वाक्य तुमच्यासाठी आहे. तुम्ही नुसते स्वल्पविराम घालाल, मला माहीत आहे. त्याचं नाव तोंडातून काढणार नाही असा मी शब्द दिलाय. तो पाळलाय. लिहायचं नाही असं आपलं ठरलं नव्हतं. तो दर बुधवारी येतो. तुम्ही बोलावल्याशिवाय तुमच्यासमोर यायचं नाही, ही त्याची आडमुठी समजूत, तुमच्यावरच गेलाय. एका बुधवारी तुम्ही लवकर या. मला तुम्हा दोघांना एकदा समोरासमोर बसलेलं बघायचंय. बोलला नाहीत तरी चालेल.

आणि मी झेरॉक्सवाल्याच्या पायरीवर वीज यायची वाट बघत बसलो होतो.

१९ जून

सकाळी खारूताईकडे गेलो. तिने दार उघडलं. मी म्हटलं, वाचलं. ती दारातच रडायला लागली. म्हणाली, मावशीने मलाही शपथ घातली होती काका, तुम्ही आपणहून उघडाल म्हणाली, तिची खात्री होती. वीस तारखेला तर तो साडेसहापर्यंत त्या खुर्चीत बसला होता. तुमच्या पायांचा आवाज ऐकायला.

मी उघडलंच नाही. तिचं काम मी किती काटेकोरपणे केलं, आणि ते मात्र वाचलं नाही.

घरी आलो. फाइलमध्ये सर्वांत शेवटची चौकट पुन्हा उघडली. मधे कुठेही नाही, अगदी शेवटच्या पानाच्या तळाशी. तीन जूनची. हिच्या ऐवजी खारूताईने टाइप केलेली असणार, कारण हिला तेव्हा बोट उचलत नव्हतं. हिने सांगितलेलं: हाताची छान कापलीस. पायाची राहिली. त्याखाली त्याचं: आज उशीर झाला आई, बाबा येतील म्हणून निघालो. पायाची पुढच्या बुधवारी कापतो.

पुढचा बुधवार म्हणजे दहा जून.

त्याच्या ओळीखाली मी लिहिलं. मला त्या कळपाटीवर अक्षरं सापडायला वेळ लागतो, दोन ओळींना पाऊण तास गेला. हे पुस्तकात छापलं जाणार नाही. म्हणून इथे नक्कल उतरवून ठेवतो.

पायाची मी कापली, रविवारी. कुठेही लागलं नाही तिला.
बुधवारी मी घरी आहे. ये.